शालीखालचा दिवा

बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारीपाजारी टाचा उंचावून तारबाबाकडे बघत होते. इंटरनेटच्या मॉडेमवर शाल, शालीखाली बाबाचा हात, तोंडाने जप.

"तारेतल्या बाधे, नीघ!" बाबाने शाल ओढली. मघाशी लुकलुकणारा हिरवा दिवा स्थिर!

"धन्य, बाबा!"

"पुन्हा विझेल. रोज संध्याकाळी सून माहेरी फोन लावते, तेव्हाच विझतो ना? तिच्या हाताला दोष आहे. आजच्या आज तिला घराबाहेर काढा."

सासूबाईंनी मान खाली घातली. परगावच्या लेकाशी त्यांचं संध्याकाळचं इंटरनेटवरचं बोलणं रोज अर्ध्यात तुटायचं. बाबाने कालच बजावलं होतं, म्हणून सुनेची बॅग त्यांनी स्वतःच भरून दाराशी ठेवली होती. सून भिंतीला टेकून उभी. डोळे कोरडे.

तेवढ्यात सुनेच्या तक्रारीवरून आलेली टेलिफोन कंपनीची लाइनवाली बाई गर्दीतून आत शिरली. सगळं ऐकून तिने मॉडेम बंद करून चालू केला, वर शाल टाकली आणि चक्क सत्तावीसपासून पाढे म्हणायला लागली. एकोणतीसचा निम्मा होईतो दिवा स्थिर!

"पाढाही सिद्ध दिसतोय," कुणीतरी फिसकन हसलं.

"कसली सिद्धी! चालू होताना मॉडेमला पलीकडून एक ठरलेला सिग्नल येतो. लांबच्या तारेत तो कुठे दबतो, कुठे पसरतो. मूळ कसा होता ते मॉडेमला ठाऊक असतं. किती बिघडला ते मोजून तो उलट भरपाई बसवतो. लागतं मिनिटभर. बाबांनी शालीखाली बटण दाबलं, आणि जपही तेवढाच वेळ केला!"

"आणि सुनेचा दोष?" बाबा गुरगुरला.

"सूनबाई वापरतात तो आतल्या खोलीतला फोन तुम्हीच उचला की."

बाबा काचकूच करू लागला. लोकांनी उचलायला लावला. दिवा फडफडून विझला.

"घ्या! बाबालाच दोष लागला!"

"फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर, आणि या फोनला दोन्ही वेगळे ठेवणारा फिल्टर नाही. उचलला की लाइन बदलते, बसवलेली भरपाई चुकते." तिने फिल्टरची छोटी डबी फोनला जोडली. दिवा परत स्थिर झाल्यावर सासूबाईंनी स्वतः फोन उचलला. दिवा ढिम्म हलला नाही.

सगळे हसले. सासूबाईंना मात्र बाबाची किळस वाटली, आणि बॅग भरणाऱ्या आपल्या हातांची त्याहून जास्त.

"तीस वर्षं माझा रोजच्या पूजेचा नेम चुकला नाही," त्या हळूच बाबाला म्हणाल्या. "देवाने कधी कुणाची लेक घराबाहेर काढायला सांगितलं नाही. नीघ तू."

त्यांनी बॅग उचलली.

"आई, राहू द्या, मी नेते."

"नको गं. मीच भरली, मीच रिकामी करते." आतल्या खोलीच्या उंबऱ्यात थांबून त्या लोकांकडे वळल्या. "आणि तुम्हीही ऐका. हात जोडायच्या आधी शाल उचलून बघत जा."