कोलू पाटलाच्या छातीतली आग

विज्ञानासाठी माणसांनी मोठमोठे त्याग केले आहेत. पण चामोर्शीपलीकडच्या जंगलात पंचावन्न सालाच्या सुमारास कोलू पाटलानं जे दिलं, त्याला तोड नाही. त्यानं आपला होणारा जावई दिला.

पाटलाची छाती वर्षानुवर्षं जळत होती. जेवला की आंबट पाणी घशाशी. चामोर्शीच्या डॉक्टरनं पांढरी पूड दिली. वैदूनं काढा दिला. चांद्याच्या मोठ्या डॉक्टरनं नुसता उपदेश दिला : दिवस मावळायच्या आत जेवा, मोहाची दारू सोडा, खाटेचे उशाकडचे पाय दगडांवर ठेवा.

सल्ले तीन, पोट एक. उगाच जोखीम कोण घेतो?

घरात चैतू होता. लमसेना. म्हणजे पाटलाची पोरगी सुकरी मिळावी म्हणून तिच्या बापाघरी तीन सालं राबायचं, मग लग्न. लमसेन्यानं सासऱ्याला नाही म्हणायचं नसतं.

"तू आधी घे," पाटील म्हणाला.

"पण मामा, माही छाती जळत नाई."

"मंग जाळू ना. घाई काऊन करतं?"

रोज मिरचीचा ठेचा, वर मोहाची, आणि लगेच आडवं व्हायचं. धान निसवेपर्यंत चैतूची छाती पाटलासारखी पेटली.

"मेहनती पोरगा," पाटील कौतुकानं म्हणाला.

मग औषधं सुरू झाली. पुडीनं घटकाभर थंडावा, पुन्हा आग. काढ्यानं आग कमी, जुलाब जास्त. दगडांवरची खाट आणि उजेडातलं जेवण यानं मात्र चैतूला शांत झोप लागली. पण त्यात मोहाची सुटते म्हणून पाटलानं तो इलाज नापास केला आणि दगड काढून घेतले.

तिसरं साल भरलं. चैतूनं लग्नाचं काढलं.

"आजारी मानसाले पोरगी देऊ? ज्याले भात पचत नाई, तो नांगर काय धरन?"

"बाबा, तुमीच त्याले आजारी केलं," सुकरी दारातून म्हणाली.

"तू चुलीकडं पाह्य."

पंच बसले. चैतूनं सारं सांगितलं. मध्येच घशाशी आलं, ते गिळून पुढं बोलला. पंचांनी माना डोलावल्या. निकाल दिला : रीत खरी, पण ती धडधाकट गड्यासाठी. पोरगी द्यायची नाही. सुकरीला विचारायचं राहूनच गेलं.

चैतू उठला तसा मोठा पंच इतवारी यानं त्याला जवळ बोलावलं.

"बाबू," इतवारी छाती चोळत हळूच म्हणाला, "मलेबी लय जळजळते. तिन्हीतलं कोन्तं बरं, तेवढं सांगून जा."