धूरमुक्त घर

लेकीला, काजलला, पाहायला पाहुणे आले आणि पोह्यांना फोडणी पडायच्या आत लाईट गेली. फुकट्या जावयाकडे पाहावं तसं पुष्पलतेने त्या विजेच्या शेगडीकडे पाहिलं. काळी, चकचकीत आणि ऐनवेळी कुचकामी.

तिची मातीची चूल महिन्यापूर्वीच गेली होती. उमरेडकडची खाण बंद होणार, चुलीचा कोळसा संपणार, असं सांगत नागपूरहून, रामदासपेठेतून, अदिती मॅडमची संस्था विणकरांच्या गल्लीत अवतरली. शेगडी हवी तर चूल फोडा, ही अट. पुष्पलतेने चुलीला हळदकुंकू वाहिलं, हात जोडून माफी मागितली आणि ती फोडली. फोटो नीट आला नाही म्हणून मॅडमनी ढिगाऱ्यावर पुन्हा हातोडा मारायला लावला. वर म्हणे, "हसा ना काकू!" जाताना दारावर लाकडी पाटी ठोकून गेल्या : 'धूरमुक्त घर'. इथे लाईट टिकते का, हे विचारायचं त्या शहाण्या बाईला सुचलं नाही. तिच्या घरी इन्व्हर्टर असणार.

गॅसची टाकी रिकामी होती. भरून आणणं परवडतच नव्हतं. शेजारीही तीच गत, चुली सगळ्यांच्याच फुटलेल्या, घरात जळणही उरलेलं नाही. बाहेरच्या खोलीत मुलाची आई, जयवंताबाई, पदराने वारा घेत बसली होती. एवढं चांगलं स्थळ उपाशी परत गेलं असतं तर काजलच्या नावाने गावभर बोभाटा झाला असता.

"बाबाचा हातमाग पडून हाय," पुष्पलतेचा नवरा जागेश्वर कुजबुजला. "त्याची एक फळी तोडू का?"

"त्या मागानं तुमचं घर पोसलं. त्याले हात लावाल तर याद राखा!"

पुष्पलता ताडकन उठली. दारावरची पाटी उपटून तिने कुऱ्हाडीने चिरफळ्या केल्या आणि अंगणात तीन विटा मांडून वर कढई ठेवली. रंगवलेलं लाकूड जळायला लागलं तसा अंगणभर काळा धूर झाला.

धूर पाहून जयवंताबाई बाहेर आली.

"काय जाळून राहिल्या वं?"

"पाटी," पुष्पलता म्हणाली. आता खोटं तरी काय बोलायचं? "त्या नागपूरवाल्या बाईची."

जयवंताबाईने अर्धवट जळालेली अक्षरं वाचली. मग पदर खोचून ती विटांपाशी बसली आणि जोरात फुंकर घातली.

"तुमचं बरं हाय, इनबाई."

लग्न ठरायच्या आधीच विहीणबाई! पुष्पलतेच्या हातातला झारा थांबला.

"आमच्या दारावर त्याच बाईनं पत्र्याची ठोकली. जळतबी नाही मेली!"