आजींनी बोलावलेली चौथी

मित्रांनो, मी कॅमेरा. जुना आहे, पण भंगार म्हणालात तर डोकं फिरेल माझं. दुकानात होतो तेव्हा दुकानदार माझी एकच गोष्ट मिरवायचा. समोर चेहरा दिसला की मी त्याच्यावर आपोआप चौकोन लावतो. पुण्याच्या अलकनंदा आजींनी मला घेतलं. लग्नं, मुंजी, बारशी, सगळं मी टिपलं. "फोनला याची सर नाही," असं आजी सगळ्यांना सांगायच्या. मी फुगायचो.

यंदा आजी मुलाकडे आयर्लंडला आल्या, ॲडम्सटाउनला. मग मुलगा प्रताप, सून सुमेधा आणि नात निहारिका त्यांना व्हिएतनामच्या क्रूझवर घेऊन गेले. फोटो निहारिका काढायची, म्हणजे समोर उरायचे तिघं. आणि तिघांचा फोटो आजींना चालत नाही. अपशकुन! मग दिसेल त्याला हाक मारायची.

हालाँगच्या धक्क्यावर निळ्या रेनकोटातली एक बाई दिसली.

"या हो ताई, उभ्या राहा आमच्यात," आजी मराठीतच म्हणाल्या.

"आई, तिला काय कळणार?" प्रताप हसला.

पण ती आली. कडेला उभी राहिली. तिघांवर चौकोन लागले, तिच्यावर लागेना. टोपीच्या आत चेहराच सापडेना.

पुढच्या बंदरात, दा नांगला, कडक ऊन होतं. तीच बाई, अंगावरून पाणी गळतंय.

"अगंबाई, तुम्हीपण आमच्याच बोटीवर?" आजी खूश.

बाईने त्यांचा डावा हात धरला. तेव्हापासून तो हात बर्फासारखा गार. कितीही चोळा, ऊब येईना.

न्हा ट्रांगच्या जुन्या देवळापाशी तर कुणी तिला बोलावलंही नाही. कुणाला ती दिसलीही नाही. पण माझ्या पडद्यावर होती, आजींच्या खांद्यावर हात टाकून. जेवताना आजींना तो खांदा उचलेना.

"वय झालं रे," म्हणाल्या.

क्रूझ संपवून आम्ही ॲडम्सटाउनच्या घरी आलो. आज आजी पुण्याला परत निघाल्यात. बॅगा दारात.

"निहू, जाता जाता एक काढ गं."

"चौथं कोण?" सुमेधाने चिडवलं.

"घरात कसला आलाय अपशकुन, आई!" प्रताप म्हणाला.

तिघं सोफ्यावर बसले. मी चौकोन लावले. चार लागले! आजींच्या गालाला गाल लावून ती बसली होती. आता तिला चेहरा होता. आजींचाच. आणि खऱ्या आजींवरचा चौकोन विझत चालला होता. आधीच्या फोटोंत तिने हात घेतला, खांदा घेतला; या फोटोत ती अख्ख्या आजीच घेणार होती.

मी लेन्स आत ओढून घेतली. निहारिकाने बटणं दाबली, प्रतापने थोपटलं. मी हललो नाही.

"मेला वाटतं," म्हणत त्याने मला प्रेसमध्ये टाकलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात.

मित्रांनो, जुनं यंत्र अडून बसलं तर लगेच टाकून देऊ नका. कधीकधी ते तुमच्यासाठीच अडलेलं असतं.

फटीतून मला दिसतंय, निहारिकाने फोन उचललाय.

"बाबा, द बॉक्स इज बिसाइड आजी. नॉट ऑन हर."

"काढ गं तू, उशीर होतोय."

मी आतून खडखडतोय. कुणी ऐकत असेल तर निहूचा हात धरा रे, बटण दाबायच्या आत!