देव्हाऱ्यातलं कार्ड

दर्यापूरच्या जमुनाबाईंच्या देव्हाऱ्यात अन्नपूर्णा होती, बाळकृष्ण होता आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकवलेलं आरोग्य विम्याचं कार्ड होतं. मुलगा विपुल अकोल्याला नोकरीला. त्याच्या कंपनीने आईचाही विमा उतरवला, तेव्हापासून ते कार्ड देवांच्या सोबतीला बसलं. पूजेच्या वेळी बोटाला उरलेलं कुंकू जमुनाबाई त्यालाही लावत. आल्यागेल्याला सांगत, "माह्या पोरानं माही सोय करून ठेवली!"

असं कार्ड आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे. कुणाचं कंपनीचं, कुणाचं सरकारी. ते कुठे ठेवलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा उपयोग कधी आणि कसा करायचा, एवढंच विचारायचं राहून जातं.

त्या वर्षी सीतादहीला सून रागिणी गावी आली. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, ती ही पूजा. सकाळी भात गार करताना रागिणी म्हणाली, "आई, तुमच्या कार्डावर वर्षातून एकदा बायांची तपासणी होते. छातीची, गर्भाशयाची. उद्या चला माझ्यासोबत अकोल्याला."

"मले काय धाड भरली?" जमुनाबाई भातावर दही ओतत म्हणाल्या. "कार्ड बिमारीसाठी असते. बिमारी नसतानी ते बाहेर काढणं म्हणजे तिले आवतन देणं होय."

बोलता बोलता त्यांचा हात पदराखाली गेला आणि लगेच बाहेर आला. पोळ्याच्या सुमारास अंघोळ करताना छातीत हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती. दुखत नाही त्या अर्थी काही नसेल, आणि असलंच तर कार्ड आहेच, असं म्हणून त्यांनी ती गोष्ट मनात दाबून टाकली होती. कुणालाही सांगितली नव्हती.

शेतात वेचणीच्या बाया घेऊन पार्बताबाई आधीच आली होती. शेजारची जहाँआराही आली. तिचा नवरा इनायतुल्ला याचं गाद्यांचं दुकान. जमुनाबाईंचा पहिला कापूस दरसाल तिथेच जायचा, म्हणून सीतादहीच्या प्रसादावर जहाँआराचा हक्कच होता.

"परवा कुठं गायब होती व भाभी?" जमुनाबाईंनी विचारलं.

"सरकारी दवाखान्यात. बायकांची तपासणी होती ना, मुफ्त."

"काहून? तुले काय झालं?"

"कुछ नाही झालं. झालं त नाही ना, तेच पायाले गेलती."

पार्बताबाई फिसकन हसली. "ऐका! माह्यापाशी सरकारचं कार्ड हाये, बाईपाशी कंपनीचं हाये. आमी नाही गेलो. तुह्यापाशी कोणतंच नाही, अन् तू गेली?"

"नाही म्हणूनच गेली! माही बिमारी वाढली त दुकान इकाव लागते. तुमाले कार्डाचा भरोसा, मले कायचा? लहान हाये तवाच धरलेली बरी."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना! अन् नर्सबाईचे हात असे गार! म्या म्हणलं, बाई, आंधी चहाच्या कपाले हात शेकून येय."

सगळ्या खो खो हसल्या. जमुनाबाईही हसल्या, पण जरा कमीच. सवयीप्रमाणे त्यांनी चालता चालता एक हिरवं बोंड तोडलं आणि दोन्ही अंगठ्यांनी फोडलं. आत गुलाबी अळी!

"पाय, वरून काही दिसत होतं का?" त्या म्हणाल्या. "अशी फेरी मारली नाही त सारं शेत खाऊन जाते."

"यंदा पीक विमा नाही काढला का?" जहाँआराने साळसूदपणे विचारलं.

"काढला न व."

"मंग कायले बोंडं फोडून राहिली? घरी बस आरामात."

"विमा काढला म्हणून अळी यायची थांबते का, येडे? विमा भरपाई देईन. खाल्लेलं बोंड थोडी वापस देते!"

जहाँआरा हळूच म्हणाली, "अन् सोताले कधी पायशीन, बाई?"

जमुनाबाई जागच्या जागी थांबल्या. काय बोलून गेलो आपण! बोंडाला जेवढं जपतो, तेवढंही आपल्या जिवाला जपलं नाही! फुटलेलं बोंड हातातून गळून पडलं.

"भाभी," त्या म्हणाल्या, "मले गाठ हाये."

नैवेद्याचं ताट घेऊन आलेल्या रागिणीने ते ऐकलं. तिने ताट खाली ठेवलं आणि सासूला घट्ट धरलं. "आई, मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं त तू रडली असती. अन् तू सोता कधी केली व तपासणी?"

रागिणीने मान खाली घातली. "राहून गेली. माझं कार्ड पर्समध्येच आहे."

"घ्या!" पार्बताबाई म्हणाली. "एक देव्हाऱ्यात, एक पर्समध्ये, अन् माहं पेटीत. तिन्ही कार्डं झोपा काढून राहिले!"

दुसऱ्या दिवशी जहाँआराने पार्बताबाईचा हात धरून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. सासू-सून अकोल्याला गेल्या. खिडकीवरच्या मुलीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आजी, नंबरावर हे लाल काय?" जमुनाबाईंनी पदराने कुंकू पुसलं आणि पहिल्यांदाच स्वतःच्या कार्डाचा नंबर पाहिला.

रागिणीचं आणि पार्बताबाईचं सगळं ठीक निघालं. जमुनाबाईंची गाठ कॅन्सरची होती. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ लहान आहे. वेळेत आलात." शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले. तेव्हा मात्र कार्ड आपल्या कामाला आलं.

पुढच्या सीतादहीला जमुनाबाई शेतात उभ्या होत्या. डोक्यावर नुकते बोटभर केस आले होते. जहाँआरा त्यावरून हात फिरवत म्हणाली, "वा! इतका मऊ कापूस त आमच्या गादीतबी नाही!"

बायाबहिणींनो, विमा कंपनीचा असो की सरकारचा, आजार लपून बसलाय का, हे तो आपण होऊन सांगायला येत नाही. ते आपणच वेळेवर तपासून घ्यायचं असतं. कार्ड नसेल तरी सरकारी दवाखान्याचं दार आपल्यासाठी आहेच. दुखायची वाट पाहू नका. एकटीला लाज वाटत असेल तर शेजारणीला सोबत घ्या.

जमुनाबाईंच्या शेतात तर आता नवी रीतच पडली आहे. दहीभाताचं पातेलं उघडलं की त्या डाव हातात धरून प्रत्येकीला विचारतात, "काय व, यंदा तपासून आली?" नाही म्हणणारीला प्रसाद मिळतोच, पण ती जमुनाबाईंच्या शेजारी बसवली जाते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जमुनाबाई स्वतः तिच्या दारात उभ्या असतात!