कडुनिंबापुढचा रस्ता

धुळ्याच्या बसस्थानकावर संघपालने आईला खिडकीजवळची जागा पकडून दिली, तिची पिशवी वरच्या फळीवर टाकली आणि टॉवेलात गुंडाळलेला जिन्नस मात्र दोन्ही हातांनी तिच्या मांडीवर ठेवला.

"आई, हे खाली ठेवायचं नाही. धक्का लागू द्यायचा नाही. उन्हात धरायचं नाही."

"तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हासुद्धा इतकं कोणी बजावलं नव्हतं," लिलाबाई म्हणाल्या.

संघपाल हसला नाही. "वृषालीच्या लॅपटॉपचं ग्राफिक कार्ड आहे. तिला म्हणावं, मामाने पाठवलंय." मग जरा थांबून म्हणाला, "नाही, काही म्हणू नको. नुसतं दे."

बस हलली. लिलाबाईंनी डोळे मिटले. ही ये-जा त्यांना आता झेपत नव्हती. पावसाळाभर धुळ्याला मुलाकडे, हिवाळा आला की जळगावला मुलीकडे, म्हणजे सपनाकडे. दोन्हीकडे प्रेमाने करत, तक्रारीला जागा नव्हती. पण दोन घरं असली की माणूस कुठेच पाय पसरून बसत नाही. त्यांची एक पिशवी कायम अर्धी भरलेली असायची.

त्यात गेल्या वर्षापासून निरोप्याचं काम मागे लागलं होतं. सपनाकडे जेवायला बसलेला असताना संघपाल भाचीला म्हणाला होता, "गेमा करून कोणाचं पोट भरलंय? बी.एड. कर मुकाट्याने." वृषाली ताटावरून उठली ती उठलीच. तेव्हापासून मामा-भाची एकमेकांची चौकशी करत ती लिलाबाईंच्या मार्फत. मामा बरा आहे का, विचार. तिचं काय चाललंय, बघ.

तिचं चाललं होतं ते असं. पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत नोकरीसाठी तिला एक जागा करून पाठवायची होती. बघणाऱ्याला बटणं दाबत, चालल्यासारखं, त्या जागेतून फिरता यायला हवं. कोणी किल्ला करतं, कोणी परग्रह. वृषालीने दीपनगरची, आजी राहिली ती गल्ली धरली. लिलाबाईंचे यजमान भाईदास वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होते आणि दोघांचा सगळा संसार तिथल्या एका क्वार्टरमध्ये झाला. आता भाईदास नाहीत, आणि क्वार्टरची ती रांगही पाडून टाकली आहे. वृषाली फोनवर विचारायची, आजी, पाण्याची टाकी कुठे होती? दाराचा रंग कोणता? लिलाबाई सांगायच्या, आणि सांगता सांगता आणखी आठवायचं, तेही सांगायच्या.

गल्लीच्या फाटकापासून चित्र छान चालायचं. वळणावर मोठा कडुनिंब होता. तिथे पोचलं की अडखळायचं आणि थिजायचं. घर होतं त्या कडुनिंबाच्या पलीकडे.

"माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक कार्डच कमी पडतंय गं आजी," वृषाली एकदा फोनवर रडवेली होऊन म्हणाली होती. "दुसरं असतं तर धावलं असतं." फोन स्पीकरवर होता. संघपाल शेजारी चहा पीत होता. पुढे कळलं, त्याचा मित्र अभिमन गेमिंगचं दुकान बंद करून मोबाइलचं काढत होता. तिथे संघपाल रविवार रविवार जाऊन भिंती रंगवून आला आणि मजुरीऐवजी हे कार्ड घेऊन आला. त्याच्या कानामागे अजून पांढरा रंग होता.

सोमवारी संध्याकाळपर्यंत काम पुण्याला पोचायला हवं होतं. आज रविवार. कडुनिंबाशी अडून बसलेली गल्ली कोण घेणार? आणि नोकरीचं राहू द्या, लिलाबाईंना स्वतःलाच एकदा त्या वळणापुढे जायचं होतं. हे त्यांनी कोणालाच बोलून दाखवलं नव्हतं. या वयात घरी जायचंय म्हटलं की मुलांना वाटतं, आपल्याकडे काहीतरी उणं पडलं.

पारोळ्याला शेजारी एक बाई येऊन बसली. तिची नजर टॉवेलावरच.

"हाई काय शे, अक्का?"

लिलाबाईंनी टॉवेलाचं टोक उचललं. आत विटेपेक्षा लांब काळा ठोकळा, त्यावर ओळीने तीन पंखे. समजावून सांगायचं त्राण नव्हतं. "पंखा शे," त्या म्हणाल्या.

"माय वं! इतला ल्हाना पंखा कोनले वारा दी?"

"माले तं नहीं," लिलाबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. एरंडोल येईपर्यंत ती बाई आपल्या सुनेचं सांगत राहिली. लिलाबाईंचे हात अवघडले, पण ठोकळा त्यांनी खाली ठेवला नाही.

जळगावला घरी वृषाली एकटीच होती. सपनाची दवाखान्यात दिवसपाळी. पाणी पिऊन झाल्यावर लिलाबाईंनी टॉवेल तिच्यापुढे सोडला.

"मामाने पाठवलंय. नुसतं दे म्हणाला होता, पण सांगून टाकते."

वृषालीने कार्ड हातात घेतलं. आधी तिचे डोळे मोठे झाले. मग ओठ हलले आणि मिटले. नातवंडांचे चेहरे वाचायला लिलाबाईंना चष्मा लागत नसे.

"काय झालं? बिघडलंय?"

"नाही आजी, चांगलं आहे. खूप चांगलं आहे." ती खाली बसली. "पण हे मोठ्या कॉम्प्युटरचं आहे. टेबलाखाली डबा असतो ना, त्यात बसतं. लॅपटॉपमध्ये नाही बसत."

"जरा दाबून बघ की."

वृषाली हसायला लागली आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने स्क्रूड्रायव्हर आणला, लॅपटॉप पालथा घातला, बारीक स्क्रू एका वाटीत काढले आणि मागचं झाकण उघडलं. आत तांब्याच्या चपट्या नळ्या, दोन छोटे पंखे, आणि त्यांच्यामधून धुळीची वळकटी.

"या नळ्यांच्या खाली आहे माझं. कार्ड नुसतं म्हणायला. बोटाच्या पेराएवढी चिप असते आणि ती बोर्डालाच सोल्डर केलेली. काढता येत नाही, बदलता येत नाही. बदलायची तर अख्खा बोर्ड, म्हणजे अख्खा लॅपटॉप."

"मग दुसरं असतं तर म्हणून रडत का होतीस?"

"नुसतीच रडत होते गं. कोणी आणून देईल म्हणून नाही."

लिलाबाईंना एकदम फार थकल्यासारखं झालं. धुळ्यापासून मांडीवर आणलेलं ओझं आत्ता कुठे अंगात उतरलं. तेवढ्यात फोन वाजला. संघपाल.

"जय भीम, आई. पोचलीस? बसलं का?"

लिलाबाईंनी वृषालीकडे पाहिलं. ती मान जोरजोरात हलवत होती, सांगू नको, सांगू नको.

"आत्ता तर आले रे. पाय तरी धुऊ दे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वृषालीने पंख्यांमधली धूळ ब्रशने काढली, झाकण लावलं, लॅपटॉप सुरू केला. धूळ निघाल्याने काही फरक पडेल अशी तिला आशा होती. गल्लीचं फाटक आलं. लिलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. पाण्याची टाकी, दुधाचं केंद्र, पायऱ्यांवर उलटी घातलेली भांडी. मग कडुनिंब. चित्र अडखळलं, एकेक पाऊल ओढत पडल्यासारखं झालं आणि थिजलं.

"का थांबतं इथेच?"

"वळणावर सगळं एकदम दिसायला लागतं ना. जे जे दिसतं त्याचं ओझं असतं, आजी. पानं, वाळत घातलेले कपडे, दिवे. चिपला एका वेळी जेवढं पेलतं तेवढंच पेलतं."

"मग सामान कमी कर."

"काय काढू? सगळं तूच सांगितलेलं आहे."

"मी सांगितलं. आता मीच काढ म्हणते."

सामान कमी करणं लिलाबाईंच्या अंगवळणी पडलेलं होतं. क्वार्टर सोडलं तेव्हा टेम्पो एकच होता. पुढे भुसावळची भाड्याची खोली सोडली तेव्हा टेम्पोही लागला नाही. आता धुळ्याला एक कोपरा आणि जळगावला कपाटातला एक कप्पा. दर वेळी हातात एखादी वस्तू धरून उभं राहायचं आणि मग ती खाली ठेवायची.

"ते दिवे कसले एवढे?"

"जयंतीची रोषणाई. तू म्हणालीस सगळी गल्ली उजळायची."

"चौदा एप्रिल वर्षातून एकदा येतो. काढ."

रोषणाई गेली. चित्र कडुनिंबाच्या बुंध्यापर्यंत सरकलं.

"ही बाज?"

"शेजारच्या सुनंदाबाईंचे पापड. वेगवेगळे केलेत मी, प्रत्येकाला निराळे फोड."

"सुनंदाबाईने कधी एक पापड कोणाच्या हातावर ठेवला नाही. काढ. तिच्या भावाने आणलेला केळीचा घडसुद्धा काढ. आणि ही हवेत भुरभुर कसली?"

"राख गं. वीज केंद्राच्या चिमणीची. तीच सगळ्यात जड आहे. हजारो कण आहेत."

लिलाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. रोज सकाळी अंगण झाडायचं, दुपारी पुन्हा झाडायचं. वाळवण झाकायचं, पाणी झाकायचं, झोपलेल्या मुलांच्या तोंडावरून पदर फिरवायचा. "उडती राख काढ," त्या म्हणाल्या. "बसलेली ठेव. पानांचा रंगच करडा कर, म्हणजे झालं."

वृषालीने केलं. या वेळी चित्र कडुनिंबाला वळसा घालू लागलं, अर्ध्यात आलं आणि पुन्हा थिजलं. समोर घराच्या छपराचा कोपरा तेवढा दिसत होता.

वृषाली हात मांडीत घेऊन बसली. आता काय उरलं आहे ते दोघींनाही ठाऊक होतं, आणि वृषाली त्याचं नाव घेणार नव्हती.

वळणाच्या पुढे, अजून न दिसलेली, एक सायकल घराकडे येत होती. सायकलवर भाईदास. एका जुन्या फोटोवरून वृषालीने ते केले होते, अंगात खाकी सदरा, हँडलला जेवणाचा डबा. पायडल मारणारे पाय, फिरणारी चाकं, वाऱ्याने फुगणारा सदरा. त्या गल्लीत हलणारं आता तेवढं एकच उरलं होतं. वृषालीला सगळ्यात जास्त दिवस लागले ते त्यांनाच.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की लिलाबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. सायकल वळणावर दिसेपर्यंत भाकरी तव्यावर टाकायची नाही, असा त्यांचा नेम होता. किती संध्याकाळी त्या वळणाकडे बघण्यात गेल्या असतील. कोळशाच्या विभागात कधी काय होईल याचा नेम नसे. एवढी वर्षं त्यांच्या मनात तो माणूस वळणावरच होता, घरी पोचलाच नव्हता.

"त्यांना काढ," लिलाबाई म्हणाल्या.

"आजी, नको. मी दुसरं काहीतरी..."

"काढ म्हणते ना. सायकल तेवढी राहू दे. दाराशी भिंतीला टेकवून ठेव. उभ्या सायकलचं ओझं होतं का?"

"नाही. फारसं नाही."

"मग झालं तर. पाळी सुटली, घरी आले."

वृषालीने नाकावरून हात फिरवला आणि कामाला लागली. लिलाबाईंनी त्या वेळात चहा केला. परत आल्या तेव्हा गल्ली पुन्हा फाटकाशी उभी होती. वृषालीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "हे बटण दाबून धर. तूच जा."

लिलाबाई गेल्या. टाकी, दुधाचं केंद्र, पायऱ्या. कडुनिंब आला, करड्या पानांचा, आणि बाजूने निघून गेला. गल्ली सरळ झाली. निळ्या दाराशी सायकल उभी होती, डबा अजून हँडललाच. दार नुसतं लोटलेलं होतं. लिलाबाईंनी बटणावरचं बोट काढलं, कारण पुढे जाऊन काय करायचं ते त्यांना सुचेना. चहा निवला.

फोन वाजला.

"बसलं का?" संघपाल म्हणाला.

"नाही बसलं रे. ते मोठ्या कॉम्प्युटरचं आहे. लॅपटॉपमध्ये कोणतंच बसत नाही."

"मग उद्याचं काय?" त्याचा आवाज उतरला होता.

"चाललं. घरापर्यंत गेलं. पसारा कमी केला, मग गेलं. आबांची सायकल आहे दाराशी. भिंतीला टेकवलेली."

"भिंतीला?" संघपालचा आवाज एकदम वर आला. "आबा कधी भिंतीला टेकवत नव्हते, आई. मी एकदा टेकवली आणि पोपडे निघाले तर मला कसे ओरडले होते! डबल स्टँड होता तिला. तिला सांग."

"तो म्हणतो, स्टँड होता."

"कसा होता? विचार ना. मागच्या चाकाला दोन्हीकडून?"

"ती म्हणते, दोन्हीकडून का?"

"दोन्हीकडून. पण एक पाय वाकलेला. सांग तिला."

लिलाबाईंनी फोनकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "मी दमले," त्या म्हणाल्या. स्पीकरचं बटण दाबून त्यांनी फोन लॅपटॉपशेजारी ठेवला, रिकाम्या टॉवेलाची घडी करून उशाला घेतली आणि पलंगावर आडव्या झाल्या.

मग वृषाली खाकरली.

"मामा, वाकलेला म्हणजे कोणता पाय?"

"डावा," संघपाल म्हणाला. "थांब, सांगतो. कागद आहे का जवळ?"