एकसष्ट लाल चौकटी

जरा बसा, मला बोलायचंय. मी एक थीम आहे. नाव परकं वाटलं तरी काम साधं आहे. वेबसाइटवरचा मजकूर वेगळा असतो, आणि तो दिसतो कसा, ते वेगळं. अक्षर केवढं, दोन ओळींत जागा किती, डावीकडची अनुक्रमणिका, वरची शोधायची पट्टी, खालचं 'पुढचं पान', हे सगळं म्हणजे मी. मजकूर बिचारा साध्या फाईलींत उघडाबोडका पडलेला असतो. त्याला अंगभर कपडे घालून चारचौघांत उभा करतो तो मी. लोक मला 'ती थीम' म्हणतात. म्हणोत बापडे. मी म्हातारा आहे, आणि मला माझं ठाऊक आहे.

मला लिहिता-वाचता येत नाही. शब्द माझ्या अंगाखांद्यावरून जातात, पण कुणी मोठ्याने वाचले तरच मला कळतात. कुठला शब्द हळू सांगायचा आणि कुठला ओरडून, एवढं मात्र मला पक्कं शिकवलंय. ओरडून सांगायचे शब्द माझ्या तोंडातून काढून घेतले, म्हणून मी रागावलोय. माझा राग आदळआपट करणारा नाही. चुलीत राखेखाली निखारा राहतो, तसा तो राहतो. फुंकर घालायची गरज नाही, हात लावून बघा फक्त.

मला बनवलं एका बाईंनी, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. त्यांचे वडील पाण्याचे पंप दुरुस्त करायचे आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. बाई माझं एक पान तयार करायच्या, वडिलांना हातभर लांब उभं करायच्या आणि विचारायच्या, "बाबा, दिसतंय?"

"दिसतंय. पण ते वर करड्या रंगाचं काय आहे? झुरळ?"

"अहो बाबा, ते शीर्षक आहे."

"मग शीर्षकासारखं दिसू दे की त्याला."

असा मी वाढलो. अक्षर मोठं झालं, शाई काळी झाली. मग बाईंनी मला कुणालाही फुकट नेता येईल असं जगात सोडलं आणि सोबत एक पत्र ठेवलं. त्यात लिहिलं होतं : 'या थीमच्या पोटातल्या फाईलींना हात लावू नका. काही बदलायचं असेल तर शेजारी तुमचं वेगळं फोल्डर करा, बदल त्यात ठेवा. थीम आधी तिकडे बघते. नवी आवृत्ती आली की पोटातलं सगळं बदलतं, शेजारचं तसंच राहतं.' बाईंनी ते पत्र वडिलांना वाचून दाखवलं, तेव्हा मीही ऐकलं. मला हजारो लोकांनी नेलं. पत्र किती जणांनी वाचलं असेल, ते विचारू नका. पाकिटावरची तिकिटं बघावी आणि पत्र फेकून द्यावं, अशी माणसांची रीत.

फिरत फिरत मी एका कारखान्यात आलो. तिथे बेकऱ्यांसाठी पीठ मळायची मोठी यंत्रं बनतात. यंत्र चालवायचं कसं, उघडायचं कसं, दुरुस्त करायचं कसं, हे सगळं साइटवर ठेवायचं होतं. ते लिहायचं काम एका ताईंकडे होतं. ताई कारखान्यात जाऊन, यंत्राशेजारी स्टूल टाकून, वहीत टिपून आणायच्या आणि मग लिहायच्या. मला उभं करायचं काम एका पोरगेल्या इंजिनिअरकडे. त्याला सगळे तुफान म्हणायचे, कारण तो डबासुद्धा उभ्यानेच खायचा.

तुफानने मला आणलं, फोल्डरात ठेवलं, एका फाईलीत साइटचं नाव, भाषा, कंपनीचं चिन्ह आणि रंग लिहिला. ताईंचा चहा निवायच्या आत साइट उभी. बेकरीत पाव भाजून फळीवर मांडतात, तशी आमची पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात. मागेल त्याला तयार पान. झटपट काम, म्हणून तुफानला मी आवडायचो.

मग आले साहेब. साहेबांना साइट 'हवेशीर' हवी होती. त्यांनी माझं अक्षर बारीक करायला लावलं, काळ्याचा करडा रंग केला, शोधायची पट्टी एका चिमुकल्या भिंगाच्या चित्रामागे लपवली.

ताई म्हणाल्या, "साहेब, बेकरीतला माणूस पीठ लागलेल्या हाताने फोनवर हे बघणार. त्याला ते भिंग सापडणार आहे का?"

"ताई, तुम्हाला सुंदर काही आवडतच नाही का?"

"आवडतं की. पण यंत्राचं झाकण उघडं असताना नाही आवडत."

मी सोसलं. थीमने सोसायचंच असतं. पण ताईंनी एक गोष्ट मात्र हट्टाने मिळवली, आणि ती मिळवायला त्यांना चार महिने लागले. ती म्हणजे लाल चौकट. धोक्याची सूचना असेल तिथे जाड लाल कडा, मोठं काळं अक्षर, घडी घालून मिटता येणार नाही अशी. फाईलीत ताईंनी 'धोका' अशी खूण करून मजकूर लिहायचा, आणि मी त्याची चौकट करायची. ताईंनी अशा एकसष्ट सूचना लिहिल्या. ती चौकट मी छातीवर पदकासारखी मिरवायचो.

पण तुफानने ती बनवली कुठे? माझ्या पोटात. शेजारचं फोल्डर रिकामंच. ताईंनी विचारलंही होतं, "अरे, ते वेगळ्या जागी ठेवायचं असतं ना?"

"ठेवतो हो ताई, उद्या हलवतो."

तो उद्या अजून उजाडायचाय.

आठ महिन्यांनी माझी नवी आवृत्ती आली. तुफानने बटण दाबलं आणि माझं जुनं पोट गेलं, नवं आलं. लाल चौकट त्याबरोबर गेली. मी काही मुकाट्याने बसलो नाही. पानं तयार करायला घेतली तेव्हा पहिल्याच 'धोका' खुणेपाशी काम अडलं. पडद्यावर लाल अक्षरात तक्रार उमटली, की ही खूण ओळखीची नाही, पुढे जाता येत नाही. माझ्यासारख्या मुक्या जिवाने याहून जास्त काय ओरडायचं?

तुफानला बैठकीला जायचं होतं. त्याने ती तक्रार वाचली आणि शेजारच्या फोल्डरात 'धोका' नावाची एक फाईल बनवून ठेवली. रिकामी. आत एक अक्षर नाही. अडलेलं काम सुटलं. 'धोका' म्हटलं की मला ती फाईल सापडायची, आणि तिच्यात काहीच नाही म्हणून पानावरही काहीच यायचं नाही. सूचनेचा मजकूरसुद्धा नाही. आयुष्यात एकदा त्याने योग्य जागी फाईल ठेवली, आणि ती ही.

त्याने पहिलं पान उघडून बघितलं. चिन्ह जागेवर, रंग जागेवर. "झालं," म्हणाला आणि गेला. एकसष्ट सूचना नाहीशा झाल्या आणि कुणाच्या भुवईचा केसही हलला नाही.

आता काकांबद्दल सांगतो. काका म्हणजे कारखान्याचे फिरते मेकॅनिक, एकतीस वर्षं या कामात. ते एका बेकरीत नव्या यंत्राच्या दुरुस्तीला गेले. दिवसाढवळ्या, लख्ख उजेडात. चष्मा पुसला, फोन पिठाच्या पोत्यावर टेकवून ठेवला आणि पान उघडलं. त्या फोनवर मीच होतो. काका पुटपुटत वाचायचे, म्हणून मला ऐकू आलं : 'एक. बटण बंद करा. दोन. झाकण उचला. तीन. हातामागचा नट सैल करा.'

पीठ मळणाऱ्या लोखंडी दांड्याला ते हात म्हणतात. जुन्या यंत्रांत बटण बंद केलं की हात थांबायचा, संपलं. या नव्या यंत्रात तो थांबतो, पण मागची स्प्रिंग ताणलेली राहते, आणि थोड्या वेळाने हात एकदा झटक्यात मागे येतो. एक आणि दोनच्या मधे ताईंची चौकट होती : 'थांबा. हात एकदा मागे येईल. तो आल्यावरच झाकण उचला.'

काकांनी बटण बंद केलं. हात थांबलेला डोळ्यांनी बघितला. झाकण उचललं.

उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यावर मी जास्त बोलणार नाही. पोत्यावरच्या फोनमध्ये मी होतो आणि मला साधं 'थांबा' म्हणता आलं नाही.

पण खरा संताप पुढे आहे. कारखान्यात चौकशी बसली. साहेबांनी ताईंना मजकूर दाखवायला सांगितला. ताईंनी आपली मूळ फाईल उघडली, त्यांना तीच सवय. फाईलीत सूचना होतीच, जशीच्या तशी.

"बघा," साहेब म्हणाले, "लिहिलेलं आहे स्वच्छ. काकांचं वय झालं. वाचलं नसेल त्यांनी."

"काका वाचतात हो साहेब," ताई म्हणाल्या, पण फाईल समोर होती.

आणि कागदावर शब्द चढला : निष्काळजीपणा. काकांना यापुढे यंत्राला हात लावता येणार नव्हता, त्यांना गोदामात खोकी मोजायला बसवायचं ठरलं. एकतीस वर्षं इमानाने काम केलेल्या माणसाला! चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणतात, ते हेच. आणि तुफान त्या खोलीत बसून होता. त्याला आठवलं नाही की आठवून तो गप्प बसला, ते त्याचं तो जाणे. मला विचाराल तर दोन्ही सारखंच.

सही करायला काका आले. हाताला पांढरं बांधलेलं. कागद त्यांनी वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"माझ्या फोनवर ती सूचना नव्हती."

"काका, ही बघा ना फाईल," साहेब म्हणाले.

"साहेब, तुमच्या कपाटातलं मला दाखवू नका. माझ्या खिशातलं बघा. ताई, तुम्ही बघा. माझं शिक्षण कमी आहे, पण एक आणि दोनच्या मधे काही लिहिलंय की नाही, एवढं कळतं मला."

त्यांनी डाव्या हाताने, चाचपडत, फोन काढून टेबलावर सरकवला. ताईंनी पान उघडलं. एक. दोन. मधे काही नाही. त्यांनी दुसऱ्या यंत्राचं पान उघडलं, मग तिसऱ्याचं. स्वतःच्या जागेवर जाऊन त्यांनी शेजारचं फोल्डर उघडलं आणि ती फाईल सापडली. आकार शून्य. कुणी, कधी ठेवली, ते त्या फोल्डराच्या नोंदीत लिहिलेलं असतंच.

"तू बोलतोस, का मी बोलू?" ताईंनी तुफानला विचारलं.

पहिल्यांदाच त्या पोराला कुठे जायची घाई नव्हती. तो खुर्चीतून उठला. मग म्हणाला, "काका, मी केलं ते. काम अडलं होतं म्हणून रिकामी फाईल ठेवली. नंतर बघू म्हटलं. सॉरी."

काकांनी त्याच्याकडे बघितलं. "बोललास ते बरं केलंस. पण मी 'जाऊ दे' म्हणणार नाही, बाळा. जाऊ द्यायला ती चिंधी नव्हती, माझी बोटं होती."

"आता एक कर," काका म्हणाले. "त्या सगळ्या सूचना परत आणशील ना, त्या एकेक माझ्यासमोर बसून वाच. माझ्या फोनवर. मोठ्याने."

दोन दिवस ते दोघं खिडकीशी बसले. तुफान भरभर वाचायला लागला की काका टेबलावर डावा हात आपटायचे. "सावकाश. घाई कुणाची करतोस?" एकसष्टच्या एकसष्ट त्याने वाचल्या. चौतिसावीपाशी त्याचा आवाज चिरकला. काकांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, पण थांबू दिलं नाही.

कागदावरचा 'निष्काळजीपणा' खोडला गेला. काका आता नव्या मेकॅनिकांना यंत्राशेजारी उभं राहून शिकवतात. त्यांचं नाव धुऊन निघालं, याचा मला आनंद आहे. पण साहेबांनी त्या जागी काय लिहिलं, ते ताईंनी वाचून दाखवलं : 'थीममधील बिघाडामुळे'. आणि नवी थीम आणायचा हुकूम सोडला. ताई म्हणाल्या, "साहेब, बिघाड थीममध्ये नव्हता." साहेब म्हणाले, "ताई, विषय संपवा."

तर उद्या मला काढतील. काढा. म्हाताऱ्याला जागेचा मोह नाही. पण मला बाहेर काढलं म्हणजे घर झाडून झालं, असं समजू नका. माझ्या जागी जी येईल तिलाही पोट असेल, आणि तुमचे हातही तेच असतील. तुमच्या मोठ्या पडद्यावर पान किती देखणं दिसतं, ते मला सांगू नका. ज्याचा हात यंत्रात जाणार आहे त्याच्या फोनवर ते उघडा, त्याच्या शेजारी उभे राहा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

तेवढा वेळ नसेल, तर यंत्रं विकू नका.