सांडव्याची खाच

सांडव्याच्या माथ्यावरचे सगळे दगड तपकिरी होते. मधले दोन तेवढे निळसर काळे. सुकन्यानं वाकून त्या काळ्या भागावरून बोट फिरवलं. कड धारदार लागली. काळ्या पाषाणावर ऊन-पावसात गंजासारखी साल चढते, आणि ती चढायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. इथं ती साल नव्हती. म्हणजे हे दगड आत्ता आठवड्याभरात छिन्नीनं फोडलेले होते. वीतभरापेक्षा खोल अशी ती खाच, आणि तिच्यातून बोरकेरीच्या तळ्याचं पाणी खळखळत ओढ्याला लागलं होतं.

वर बांधावरच्या मांडवात लाउडस्पीकर ओरडत होता, "तळं भरून वाहायलंय! बंधू-भगिनींनो, आपलं तळं भरून वाहायलंय!"

मुडबीच्या रस्त्यावरचं बोरकेरी तळ्याच्या बांधाला पाठ टेकून बसलेलं आहे, आणि त्या बांधापलीकडे काय आहे याची त्यानं कधी फिकीर केलेली नाही. अलीकडे मात्र गावाला तळ्याचं प्रेम फुटलं होतं. बांधावर 'आय लव्ह बोरकेरी' अशी पुरुषभर उंचीची लाल अक्षरं उभी राहिली. पायानं चालवायची हंसाची होडी आली. तिची मान पहिल्याच महिन्यात मोडली, तरी तिकीट तेवढंच राहिलं. आणि आज मोठे पाहुणे बागिन सोडायला येणार होते. सुपात हळदकुंकू, बांगड्या, खण, नारळ घालून, वर दुसरं सूप झाकून ते भरल्या तळ्याला अर्पण करायचं, ही या मुलखाची जुनी रीत. तळं भरून सांडव्यावरून वाहिलं की मगच बागिन. यंदा पाऊस कमी झाला आणि तळं भरायला वीतभर उणं राहिलं. पाहुण्यांची तारीख मात्र ठरलेली होती. तारीख हलेना, म्हणून उत्सव समितीनं सांडवाच खाली आणला.

तीस वर्षं गुलबर्ग्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून गावी परतलेल्या सुकन्याला मूर्खपणाचे नमुने नवे नव्हते. पण इतका नेटका नमुना तिनं पाहिला नव्हता.

समितीचे अध्यक्ष शिवशंकरप्पा गळ्यात झेंडूची माळ घालून बांधावरून उतरले. पाहुणे यायचे होते, पण माळ आधीच घातलेली बरी, असं त्यांना वाटलं असावं.

"काय बगायलाव, अक्का? वाहायलंय का न्हाई झकास?"

"भरलंय की फोडलंय, अप्पा?"

"फोडलं कामून म्हनता? पान्याला जरा वाट करून दिली. वीतभर तर हाय!"

"परात बघितलीय ना घरी? परातीतलं वरचं वीतभर पाणी आणि खालचं वीतभर पाणी सारखं असतं का?"

"आता परात कुटून आनली मधीच?"

"हे तळं परातीसारखं उथळ आहे. वर पसरट, खाली निमुळतं. वरची वीत गेली की उन्हाळ्याचं पाणी गेलं. परतीचा पाऊस आला तरी ते आता थांबणार नाही. आत्ताच्या आत्ता माती आणि दगड घालून ही खाच बुजवा."

शिवशंकरप्पा मनापासून हसले. "पाहुन्यांच्या म्होरं सांडवा कोरडा ठेवू? तुमी बी ना! ते गेल्यावर बगू."

बगू. हा शब्द सुकन्याला चावला. गेली चार वर्षं ती स्वतः हाच शब्द वापरत होती.

तळ्याखाली तिच्या वडिलांची भिजवणीची जमीन होती. पहाणीवर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, दोघांची नावं, तिचं आणि धाकट्या प्रणेशचं. वडील गेल्यापासून प्रणेशला ती विकायची होती, आणि अक्काच्या सहीशिवाय ती विकता येत नव्हती. तो बिदरहून, नौबादच्या आपल्या घरून, दर सणाला फोन करायचा. ती म्हणायची, "बघू." नाही म्हटलं तर भाऊ दुखावेल, हो म्हटलं तर नागूबाईच्या डोळ्याला डोळा देता येणार नाही. नागूबाई आणि तिचा नवरा अंकुशराव ती जमीन वडिलांच्या काळापासून बटाईनं कसत होते. पावसाळ्यात साळ, नंतर तळ्याच्या पाण्यावर गहू-हरभरा. त्यांचं घर त्यावर चालत होतं.

सुकन्या खाली शेताकडे उतरली. नागूबाई शेताच्या बांधावरच उभी होती, पदर खोचून, ओढ्याकडे वाया चाललेल्या पाण्याकडे बघत.

"बगा अक्का, आपला गहू चाललाय वाहत."

"सांगितलं मी अप्पांना. गाढव आहेत सगळे. एकालाही साधं—"

"व्हय, गाढवं हायती." नागूबाईनं तिचं बोलणं मध्येच तोडलं. "पर तुमी काय करायलाव? चार वर्सं बगायले मी. त्यांनी लाल अक्षरं लावली, तुमी नाक मुरडलं. हंस आनला, नाक मुरडलं. आता सांडवा फोडला. नाक मुरडून दगड बसतोय व्हय जागेवर?"

सुकन्या वळून तळ्याचा बांध चढली. तिथून ती मांडवात गेली.

मांडवात स्मरणिका वाटत होते. 'बोरकेरी : इतिहास आणि भूगोल' हा लेख सुकन्याचा. तिनं चार पानं लिहून दिली होती: निजामाच्या अमलात दुष्काळ पडला, तेव्हा मुलखातली उपाशी माणसं इथं आली; त्यांनी धान्याच्या मजुरीवर टोपल्यांनी माती वाहून हा बांध घातला; बांध झाला म्हणून मग त्याच्या आडोशाला गाव झालं. छापलेल्या लेखात एका ऋषीनं कमंडलू उपडा केला होता. दुष्काळ गेला, टोपल्या गेल्या, मजूरही गेले. भूगोलाच्या जागी 'निसर्गाने मुक्तहस्ते केलेली उधळण' आली होती आणि गाव दख्खनचं काश्मीर झालं होतं. खाली नाव मात्र तिचंच, वर 'विदुषी' लावून.

"अक्का, कुठं होतीस? शोधायलोय कधीचा!" प्रणेश कडक इस्त्रीच्या शर्टात समोर आला. "चल, पुढच्या रांगेत. तुझा सत्कार आहे."

"ही ऋषींची कथा कुणी घातली?"

"समितीनं. तुझं जरा रूक्ष होतं गं. उपाशी लोक, टोपल्या... कोण वाचणार? लोकांना अभिमान वाटेल असं काहीतरी पाहिजे की."

"आणि सांडवा फोडला ते?"

"एवढ्याशा खाचेचं काय घेऊन बसलीस! आणि हे बघ," त्यानं आवाज उतरवला, "पाणी कमी झालं तर उलट बरंच. तळ्याखाली आता शेती होत नाही म्हणून सांगता येतं. प्लॉटला अडचण नाही. सोमवारी सही करून टाकू."

सुकन्यानं स्मरणिका मिटली. हा तिचा भाऊ. लहानपणी याच सांडव्यावर पाय सोडून बसायचा. सांडव्याची उंची म्हणजे तळ्याचं आयुष्य, हे त्यालाही वडिलांनीच सांगितलेलं होतं.

पाहुणे आले. फटाके झाले. त्यांनी सूप पाण्यावर सोडलं; ते वाहत नेमकं त्या खाचेत जाऊन अडकलं. एका कार्यकर्त्यानं बांबूनं ढोसून ते पलीकडे लोटलं. बांगड्या दगडावर फुटल्या. टाळ्या पडल्या.

मग सूत्रसंचालकानं आवाज चढवला. "आनंदाची बातमी! आपल्याच गावचे सुपुत्र प्रणेशराव आणि विदुषी सुकन्याताई यांनी तळ्याखालची आपली जमीन 'तळेदर्शन नगर' या भव्य वसाहतीसाठी द्यायचं मान्य केलंय! ताईंनी आता बोरकेरीचा इतिहास आणि भूगोल दोन शब्दांत सांगावा!"

प्रणेशनं तिच्याकडे बघितलं नाही. तो टाळ्या वाजवत होता.

सुकन्या उठली. माईक तिच्या उंचीला फार वर होता. तिनं तो खाली घेतला. मांडवाच्या कडेला नागूबाई उभी होती, हाताची घडी घालून, काही अपेक्षा नसल्यासारखी.

"इतिहास सोपा आहे," सुकन्या म्हणाली. वर्गात असायचा तोच आवाज, न चढवलेला. "हे तळं ऋषीनं केलेलं नाही. दुष्काळात उपाशी माणसांनी पोटासाठी माती वाहिली, त्यांनी केलंय. त्यांच्यातल्या एकाचंही नाव या स्मरणिकेत नाही. भूगोल त्याहून सोपा आहे. तळं यंदा भरलेलं नाही. तुम्ही सांडवा फोडलाय, म्हणून ते वाहतंय. आपण सगळे इथं बसून उन्हाळ्याचं पाणी ओढ्याला जाताना बघतोय आणि टाळ्या वाजवतोय. मीही चार वर्षं नुसती बघतच बसले होते."

पाहुणे घड्याळ बघू लागले. शिवशंकरप्पा हातानं माईक बंद करायची खूण करत होते, पण ज्याला करत होते तो पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"अक्का," प्रणेश पहिल्या रांगेतून दबक्या आवाजात म्हणाला, "कामून तमाशा करायलीस? खाली ये. घरी बोलू."

"घरी चार वर्षं बोललो, प्रणेश." तिनं त्याच्याकडे बघितलं, मग नागूबाईकडे. "त्या जमिनीला माझी सही लागते. ती मी देणार नाही. जमीन विकायची नाही."